चार कोपऱ्यांचा कट

आकृती दिसली की तिच्यामागे कोणाचा तरी हात असलाच पाहिजे, असं मानणाऱ्या मंडळींवर माझा फार दिवसांचा राग आहे. मटक्याच्या जुन्या आकड्यांचे तक्ते पाहून उद्याचा आकडा काढणारे, पत्रिकेतल्या घरांवरून सुनेचा स्वभाव काढणारे आणि ऑफिसातल्या रजिस्टरावरून माणसाचं चारित्र्य काढणारे, हे सगळे एकाच गोत्राचे. पहिले स्वतःचे पैसे घालवतात, दुसरे घरातल्यांची झोप. तिसरे मात्र दुसऱ्याची भाकरी घालवतात. म्हणून आजचं भांडण तिसऱ्यांशी.

मी राहतो मसोलीत आणि नोकरी बँकेत कारकुनाची. (आता आम्हाला कारकून म्हणत नाहीत, भारदस्त इंग्रजी नाव मिळालंय. खुर्ची तीच, तिचा डावा हात अजून डुगडुगतो.) शिक्षण बी.कॉम. गणित म्हणजे जमा आणि नावे. पण पुढचं गणित चहा निवायच्या आत होतं.

एका शाखेतली गोष्ट. वरिष्ठांकडे एक निनावी तक्रार गेली. ती कोणी लिहिली हे शोधायचं साहेबांनी मनावर घेतलं. संशयित तिघे: एक कायम शिपाई, एक रखवालदार आणि आमच्या मसोलीचाच एक रोजंदारीवरचा पोरगा. जेवणाची सुट्टी दोन पाळ्यांत. साहेबांनी कामाच्या सात दिवसांचा तक्ता मांडला. तीन ओळी, सात रकाने. पहिल्या पाळीला जेवला तर १, दुसऱ्या पाळीला जेवला तर ०. आणि सापडलं! मंगळवारी आणि शुक्रवारी रखवालदार आणि पोरगा, दोघेही पहिल्या पाळीत! चार एक्के, चौकोनाचे चार कोपरे. "संगनमत!" साहेब म्हणाले. रखवालदाराची बदली झाली. पोराचा निकाल तीन शब्दांत लागला: उद्यापासून येऊ नकोस.

साहेब, आता जरा माझा हिशेब तपासा. कुठल्याही एका दिवसाचा रकाना घ्या. माणसं तीन, पाळ्या दोन. म्हणजे कोणीतरी दोघे एका पाळीत येणारच. तिघांत जोड्या होतात तीन, पाळ्या दोन. तीन दुणे सहा. सहा दिवस रोज नवा प्रकार केला, तरी सातव्या दिवशी जुन्यांपैकी एक परत आलाच पाहिजे. तीच जोडी, तीच पाळी, दोन वेगळे दिवस. चौकोन तयार! तीन माणसं सात दिवस जेवली की तुमचा कट आपोआप शिजतो. तो टाळायचा तर एकाला उपाशी ठेवायला हवं. साहेबांनी नेमकं तेच केलं.

पाच माणसं आणि पाच दिवस घेतले तरी सुटका नाही. चार माणसं आणि सहा दिवस असतील तर मात्र चौकोन टाळता येतो. रोज दोघे पहिल्या पाळीला, दोघे दुसऱ्या, आणि सहाही दिवस पहिल्या पाळीची जोडी वेगळी. पण त्यासाठी कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं. म्हणजे गंमत पाहा: चौकोन दिसला तर कट नाही, कुठेच दिसला नाही, तर मात्र कोणीतरी आखणी केलीय असा संशय घ्यायला जागा आहे!

हे माझ्या पदरचं नाही. फ्रँक रॅम्से या इंग्रज गणितज्ञाचा निबंध १९३० साली छापून आला. त्याच वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो वारला. त्या निबंधातून गणिताची एक शाखाच उभी राहिली. तिचं सार एवढंच, की पसारा पुरेसा वाढला की त्यात कुठे ना कुठे शिस्त सापडतेच. ती कोणी घालावी लागत नाही.

"म्हणजे सगळंच आपोआप? मग चोर सोडून द्यायचे?" मुळीच नाही. मेहनतीने घातलेली शिस्तही असते. मुंबई विद्यापीठात गणित शिकवलेले आपले शरदचंद्र श्रीखंडे पाहा. त्यांच्या नावाच्या आलेखाचा शून्य-एकचा तक्ता सोळा बाय सोळाचा आहे. प्रत्येक ओळीत सहाच एक्के, आणि कोणत्याही दोन ओळी घ्या, एकाखाली एक येणारे एक्के नेमके दोन. असा तक्ता जेवणाच्या रजिस्टरात निघाला, तर साहेबांनी खुशाल चौकशी लावावी! (लावतीलच. सोळा जणांच्या जोड्या १२०; म्हणजे १२० मेमो.) याच श्रीखंड्यांनी बोस आणि पार्कर यांच्याबरोबर १९५९ साली ऑयलरचं १७८२ सालचं एक अनुमान खोटं पाडलं. प्रत्यक्ष ऑयलर चुकू शकतो. शाखाधिकाऱ्यांनी तेवढी सवलत स्वतःला द्यायला काय हरकत आहे?

आता तर रजिस्टरं गेली आणि संगणक आले. रकाने लाखांनी वाढले, त्याबरोबर चौकोनही वाढले. पूर्वी साहेबाला निदान चष्मा पुसावा लागे. आता बटण दाबलं की संशयितांची यादी बाहेर पडते. म्हणून कोणाच्याही पोटावर पाय देण्याआधी एकच प्रश्न सक्तीचा करा: ही माणसं निर्दोष असती, तर हे असं दिसलं नसतं का? उत्तर 'तरीही दिसलंच असतं' असं असेल, तर तक्त्याची घडी करून खणात टाका आणि निमूटपणे जेवायला जा. पाळी कुठलीही चालेल.