पाहिले कोणी? : पक्षी, जीवाश्म आणि अनुमान

पक्ष्यांची उत्पत्ती डायनासोरांपासून झाली, या सिद्धान्तावर आपल्याकडे सर्वाधिक ऐकू येणारा आक्षेप हाडांविषयीचा नसून पुराव्याच्या स्वरूपाविषयीचा आहे: हे घडताना पाहिले कोणी? जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) भरलेल्या वैदिक संमेलनात तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी, वानराचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कोठेही सांगितलेले वा लिहिलेले नाही, या आधारावर डार्विनचा सिद्धान्त अशास्त्रीय ठरवला, तेव्हा देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. तो युक्तिवाद माणसापुरता केलेला असला, तरी ग्राह्य धरल्यास पक्ष्यांनाही तितकाच लागू पडतो; म्हणून त्याची तपासणी आधी केली पाहिजे.

भारतीय तर्कपरंपरेत प्रत्यक्षाबरोबर अनुमानही प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे ग्राह्य साधन, मानले गेले आहे, आणि डोंगरावरच्या धुरावरून तेथील अग्नी जाणणे हे त्याचे शाळकरी उदाहरण आहे. प्रत्यक्षाखेरीज दुसरे प्रमाणच नाही, अशी भूमिका प्रामुख्याने एका दर्शनाने घेतली, ते म्हणजे वेदांना न मानणारे चार्वाकदर्शन. त्यामुळे वैदिक संमेलनाच्या व्यासपीठावरून चार्वाकांची कसोटी पुढे केली जावी, हा योगायोग मौजेचा म्हणावा लागेल. शिवाय जे वक्ते पूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते, त्यांना प्रत्यक्षदर्शी नसलेल्या गुन्ह्यांचा छडा परिस्थितिजन्य पुराव्यावरून लागतो, हे कोणी सांगण्याची गरज नसावी.

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावच्या परिसरातही अनुमानावाचून जमिनीचे एक पानही उलगडत नाही. या भागात विहीर खणताना काळ्या मातीखाली मुरूम आणि मुरुमाखाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, लागतो. त्यात जागोजागी बदामाच्या आकाराच्या पोकळ्या असतात आणि त्यांत पांढरे स्फटिक भरलेले दिसतात. पोकळ्या म्हणजे वितळलेल्या खडकात अडकलेले वायूचे बुडबुडे, आणि स्फटिक म्हणजे पुढे खनिजयुक्त पाणी झिरपून त्यांत साचलेला ऐवज, असा त्यांचा अर्थ लावूनच हा पाषाण मुळात लाव्हा आहे, हे सांगता येते. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी तो वाहताना पाहणारा माणूस कोणी नव्हता. अर्थ लावण्याला बंधने असतात, हेही असेच दगड शिकवतात. अशा खडकांच्या भेगांवर कधी कधी झाडाच्या फांदीसारखी काळी नक्षी आढळते, तिला वनस्पतीचा ठसा समजण्याचा मोह होतो, परंतु ती मँगनीज किंवा लोह यांच्या ऑक्साइडची वाढ असते. तिला द्रुमाकृती, इंग्रजीवरून डेंड्राइट, म्हणतात.

याच द्रुमाकृतीने एका मोठ्या आक्षेपाचा निकाल लावला. जर्मनीतील सोल्नहोफेनच्या चुनखडीत 1861 मध्ये सापडलेला आर्किऑप्टेरिक्स, म्हणजे पिसांचे पंख, दात आणि हाडांची लांब शेपटी एकाच शरीरात असलेला सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी, बनावट आहे, सरपटणाऱ्या प्राण्याच्या अस्सल सांगाड्याभोवती लगदा थापून त्यात पिसे उमटवली आहेत, असा आरोप 1985 मध्ये फ्रेड हॉईल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. जयंत नारळीकरांचे गुरू म्हणून मराठी वाचकाला आदरणीय असलेल्या या खगोलशास्त्रज्ञाचा आरोप दुर्लक्षून चालणार नव्हता, आणि तो दुर्लक्षिलाही गेला नाही. लंडनच्या संग्रहालयातील अॅलन चॅरिग व इतरांनी 1986 मध्ये दाखवून दिले की, दगड फोडल्यावर समोरासमोर आलेल्या दोन्ही पाट्यांवरच्या द्रुमाकृती आरशातल्या प्रतिबिंबाप्रमाणे जुळतात आणि केसाएवढ्या बारीक भेगा पिसांच्या ठशांतून सलग पलीकडे जातात. एका पाटीवर मागाहून लगदा थापला असता, तर हे जुळणे अशक्य होते. पिसे खडकाइतकीच जुनी आहेत, हे ठरवण्यासाठी कोणाच्या अधिकारावर विसंबावे लागले नाही. हॉईल यांचाही अधिकार तेथे उपयोगी पडला नाही.

बनावट जीवाश्म असतात, हे मात्र नाकारता येत नाही. 1999 मध्ये एका प्रख्यात अमेरिकी मासिकाने गाजवलेला चीनमधील ‘आर्किओरॅप्टर’ निरनिराळ्या प्राण्यांचे तुकडे चिकटवून तयार केलेला निघाला. ती लबाडी शू शिंग या जीवाश्मशास्त्रज्ञाने उघडकीस आणली, आणि ज्याची शेपटी तेथे चिकटवली होती, तो मायक्रोरॅप्टर स्वतः पिसे असलेला अस्सल डायनासोर ठरला.

खरे वजनदार आक्षेप शास्त्राच्या आतून आले. गेरहार्ड हाइलमान या डॅनिश अभ्यासकाने 1926 च्या आपल्या ग्रंथात पक्ष्यांचे सर्वाधिक साम्य थेरोपॉडांशी, म्हणजे दोन पायांवर चालणाऱ्या, बहुतांशी मांसाहारी डायनासोरांशी आहे, हे मान्य करूनही त्यांना पूर्वज मानण्यास नकार दिला, कारण पक्ष्यांच्या छातीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखे दिसणारे दुबेळके हाड गळपट्टीच्या दोन हाडांच्या जोडणीतून बनते, आणि डायनासोरांना गळपट्टीची हाडेच नव्हती, असे तेव्हा समजले जात होते. उत्क्रांतीत एकदा नाहीसा झालेला अवयव पुन्हा तसाच उगवत नाही, हे त्यांचे तत्त्व होते. तर्क निर्दोष होता, माहिती अपुरी होती. ही नाजूक हाडे पुढे एकामागून एक थेरोपॉडांत सापडत गेली आणि आज टायरॅनोसॉरस व व्हेलोसिरॅप्टर यांचेही दुबेळके हाड ज्ञात आहे. ज्या आक्षेपाने सिद्धान्त जवळपास चाळीस वर्षे अडवून धरला, तोच आक्षेप निरस्त होताना त्याचा आधार झाला.

दुसरा आक्षेप काळाचा होता: 1969 मध्ये जॉन ऑस्ट्रम यांनी वर्णिलेला डायनोनिकस पक्ष्यांशी विलक्षण साम्य दाखवत असला, तरी तो आर्किऑप्टेरिक्सहून सुमारे 4 कोटी वर्षांनी अलीकडचा, मग नातवापासून आजोबा कसा जन्मला? परंतु डायनोनिकस पूर्वज आहे असे कोणी म्हणतच नव्हते. तो भाऊबंद आहे आणि भाऊबंद मागून जन्मू शकतो. सुमारे 16 कोटी वर्षांपूर्वीचा पिसे असलेला अँकिऑर्निस 2009 मध्ये प्रसिद्ध झाल्यावर तर तो युक्तिवादही उरला नाही.

मंडनाच्या बाजूने एकच वस्तू निवडायची झाली, तर ती आइखश्टेटचा नमुना असावी. 1951 मध्ये सापडलेल्या या लहानशा सांगाड्याची पिसे इतकी अंधूक होती की, तो कॉम्प्सोग्नॅथस नावाच्या छोट्या डायनासोराचा म्हणून गणला गेला, आणि तो आर्किऑप्टेरिक्स आहे हे 1973 मध्ये प्रसिद्ध झाले. पिसे नजरेआड होताच तज्ज्ञांनी आद्य पक्ष्याला डायनासोरांत बसवले, आणि तेव्हा त्यांना कोणताही सिद्धान्त रेटायचा नव्हता. पुढे 1996 मध्ये चीनच्या लिआओनिंग प्रांतातून उलटा पुरावा आला: उडण्याशी संबंध नसलेल्या सिनोसॉरॉप्टेरिक्स या डायनासोराच्या अंगावर पिसांच्या आद्य रूपाचे तंतू दिसले. मनगटातील अर्धचंद्राकृती हाड, पोकळ हाडे आणि अंड्यांवर हात पसरून बसलेले मंगोलियातील ओव्हिरॅप्टरवर्गीय सांगाडे हे स्वतंत्र ठिकाणांहून, स्वतंत्र माणसांनी गोळा केलेले पुरावे एकाच दिशेला जातात, आणि सिद्धान्ताचे बळ या जुळण्यात आहे.

याच न्यायाने सिद्धान्ताच्या उत्साही पाठीराख्यांचेही खंडन करणे प्राप्त आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या पिसदुरा व डोंगरगाव येथे, लाव्हाच्या थरांखालच्या लामेटा नावाच्या गाळखडकांत, टायटॅनोसॉरांची, म्हणजे लांब मानेच्या अजस्र शाकाहारी डायनासोरांची, हाडे सापडली आहेत. डोंगरगावचा सांगाडा आज आयसिसॉरस या नावाने ओळखला जातो. हे प्राणी पक्ष्यांचे पूर्वज नव्हेत, ते दुसऱ्याच शाखेचे आहेत. मध्य प्रदेशातील बाग परिसरात टायटॅनोसॉराचे अंड्यात अंडे असलेले जीवाश्म 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. तशी विकृती तोवर फक्त पक्ष्यांत माहीत होती, पण त्यावरून या डायनासोरांचा अंडमार्ग पक्ष्यांच्या अंडमार्गासारखा चालत असावा एवढेच म्हणता येते, त्यांच्यापासून कोंबडी आली असे नव्हे.

एक प्रश्न अजून पूर्ण मिटलेला नाही. पक्ष्यांच्या पंखातील तीन बोटे गर्भावस्थेत दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या जागी उगवतात, तर थेरोपॉडांच्या हातात पहिली तीन उरतात. बोटांची ओळख उत्क्रांतीत एका जागेने सरकली, हे 1999 मध्ये वाग्नर आणि गॉथिए यांनी सुचवलेले उत्तर बहुतेकांना पटते, सर्वांना नाही. मात्र मतभेद बोटे सरकण्याच्या यंत्रणेविषयी आहे, आणि इतर पुरावे त्यामुळे हलत नाहीत.

सिद्धान्ताचा कालक्रम उलथवायचा तर काय लागेल, तेही स्पष्ट आहे. सिरोंचापलीकडच्या कोटा खडकांतील बारापासॉरस हा डायनासोर जगापुढे आणणाऱ्यांपैकी एक असलेले शंकर चॅटर्जी यांनी टेक्सासमधील प्रोटोएव्हिस हा आर्किऑप्टेरिक्सहून सुमारे साडेसात कोटी वर्षे जुना पक्षी असल्याचा दावा केला होता. तो सिद्ध झाला असता, तर डायनासोरांपासून पक्षी ही वंशरेषा तुटली नसती, कारण चॅटर्जी स्वतः ती मानतात, पण तिचा सारा कालक्रम नव्याने लिहावा लागला असता. बहुसंख्य अभ्यासकांनी ती हाडे एकाहून अधिक प्राण्यांची मिसळ असल्याचे ठरवून दावा अमान्य केला. ‘पाहिले कोणी’ असे विचारणाऱ्याने वाद घालायचाच असेल, तर तो अशा हाडांवर घालावा. प्रोटोएव्हिसचे अवशेष टेक्सास टेक विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.