हरल्याशिवाय सुटका नाही

‘जेपर्डी!’चा एखादा विजेता महिनाभर तळ ठोकून अखेर हरला, की अमेरिकी माध्यमे सुतकी सूर लावतात. घराणे बुडाले, साम्राज्य लयाला गेले वगैरे. वास्तविक या प्रश्नमंजूषेतून बाहेर पडण्याचा हरणे हाच राजमार्ग आहे. २००३ पर्यंत तसे नव्हते. लागोपाठ पाच डाव जिंकणाऱ्याला निरोपाचा नारळ, शेवटच्या काही वर्षांत तर चक्क मोटारही देऊन, अपराजित म्हणून घरी धाडत. मग निर्मात्यांना औदार्याची उबळ आली. जिंकतोय तोवर खेळू द्या, असे ठरले. म्हणजेच, हरेपर्यंत सोडू नका.

पहिला मोठा बळी केन जेनिंग्ज. २००४ मध्ये गडी ७४ डाव जिंकला. मग प्रश्न आला: कोणत्या कंपनीचे ७० हजार हंगामी पांढरपेशे कर्मचारी वर्षातून चारच महिने काम करतात? उत्तर होते एच अँड आर ब्लॉक, लोकांची आयकर विवरणपत्रे भरून देणारी कंपनी. जेनिंग्ज यांनी लिहिले फेडएक्स. पार्सले पोचवणारे पांढरपेशे! जगाचा इतिहास, भूगोल आणि बायबल मुखोद्गत असलेला माणूस शेवटी आयकरात अडकला. त्यात नवल काय? भलेभले तिथेच अडकतात. ४० डाव जिंकलेल्या एमी श्नायडर यांना, इंग्रजीत ‘एच’ने संपणारे नाव असलेला जगातला एकमेव देश कोणता, हे सांगता आले नाही. उत्तराची जागा कोरीच राहिली. बांगलादेश नावाचा देश असतो हे आपल्याकडच्या पाचवीतल्या पोराला ठाऊक असते, पण त्या पोराला तिकडे कोण बोलावणार?

आणखी गंमत अशी की, श्नायडर यांना हरवणारे गृहस्थ शिकागो परिसरातले ग्रंथपाल. त्याआधी २०१९ मध्ये लास वेगासचा पट्टीचा जुगारी जेम्स होल्झहावर ३२ डावांनंतर हरला, तोही शिकागोच्याच एका ग्रंथपाल बाईंकडून. या बाईंनी पदव्युत्तर प्रबंधच ‘जेपर्डी!’च्या प्रश्नांचा अवघडपणा आधी ओळखता येतो का, यावर लिहिला होता. सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडून त्यांच्या हातावर चिमूटभर अनुदान टेकवणाऱ्या महाराष्ट्र सरकारने याची दखल घ्यावी. ग्रंथपाल वरवर गरीब दिसतात, एवढेच.

पण खरा किस्सा ब्रॅड रटर यांचा. ते जुन्या नियमातले, २००० साली पाच डाव जिंकून रीतसर अपराजित निवृत्त झालेले. त्यांना सुखाने निवृत्त राहू देतील तर ती दूरचित्रवाणी कसली! २००२ मध्ये बोलावले, जिंकले. २००५ मध्ये बोलावले, खुद्द जेनिंग्जना हरवून जिंकले. २०१४ मध्येही तेच. मधल्या २०११ साली त्यांच्यासमोर आयबीएमचे वॉटसन हे यंत्र आणून उभे केले. तिथे हरले, पण माणसाकडून नाही, अशी पळवाट चाहत्यांनी काढली. तीही २०२० मध्ये बुजवण्यात आली. जेनिंग्ज आणि होल्झहावर यांच्यासोबत ‘सर्वकालीन श्रेष्ठ’ ठरवण्यासाठी बसवले आणि रटर एकही सामना न जिंकता तिसरे आले. वीस वर्षे लागली, पण काम फत्ते झाले. अर्थात रटर यांना कुणी दोरखंडाने बांधून आणले नव्हते. चाळीस लाखांहून अधिक डॉलर मिळवून देणाऱ्या आमंत्रणाला नाही म्हणायला ऋषी असावे लागते, आणि ऋषी प्रश्नमंजूषेत जात नाहीत.

ब्रिटिशांची तऱ्हा अधिक सभ्य, म्हणजे अधिक कावेबाज. त्यांच्या ‘काउंटडाउन’ या दूरचित्रवाणी स्पर्धेत आठ डाव जिंकले की सन्मानाने निवृत्ती. कार्यक्रमाचे बक्षीस म्हणून मिरवायची वस्तू काय, तर चहाची किटली. मात्र मालिका संपत आली की सर्वोत्तम आठ जणांना पुन्हा बोलावतात आणि त्यांतल्या सात जणांना हरवूनच परत पाठवतात. किटली परत घेत नाहीत, हे उपकार.

जेनिंग्ज आता ‘जेपर्डी!’चे सूत्रसंचालक आहेत. २५ लाख २० हजार ७०० डॉलर जिंकल्यावर, हरलेल्या दिवशी दुसऱ्या क्रमांकाचे म्हणून त्यांच्या हाती आणखी दोन हजार ठेवण्यात आले होते. आता ती रक्कम तीन हजार झाली आहे.