अभ्यासाची रीत कोणी ठरवावी?

आमच्या शाळेतून जळगावच्या महाविद्यालयात गेलेला एक विद्यार्थी गेल्या दिवाळीत भेटावयास आला. पहिल्याच परीक्षेत तो दोन विषयांत अनुत्तीर्ण झाला होता. कारण विचारता तो खाली मान घालून म्हणाला, "सर, तेथे उत्तरे कोणी उतरवून देत नाही. व्याख्यानातले काय टिपून घ्यावे, हेच मला उमगत नाही." दोष त्याचा नसून माझा, हे मी तत्क्षणी ओळखले. वर्षानुवर्षे उत्तरे मीच सांगितली होती. तू अभ्यास कसा करतोस, असे त्यास एकदाही विचारले नव्हते.

महाविद्यालयांनी अभ्यासपद्धतीवर व्याख्याने द्यावीत, असे कोणी सुचवील. परंतु कापूस वेचण्याची रीत बांधावरून सांगून येत नाही. वेचणाऱ्याबरोबर ओळीत उतरावे लागते. प्राध्यापकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांस आपल्याबरोबर घ्यावे, आपण कोठे अडलो व त्यातून कसे सुटलो हे त्यांच्या तोंडून नवागतांस ऐकवावे, आणि अभ्यासाचा क्रम सर्वांनी मिळून आखावा, असे माझे मत आहे.

हा विचार नवा नव्हे. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने विद्यार्थ्यांची एक सभा स्थापन झाली. सभासद निबंध लिहून वाचीत व त्यांवर चर्चा करीत. पुढे तिच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या. १८४९ साली याच तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या व फावल्या वेळात तेथे विनावेतन शिकविले. दादाभाई नौरोजी त्यांपैकीच एक होत. जो दुसऱ्यास शिकवावयास बसतो, त्यास आपले ज्ञान कोठे कच्चे आहे हे प्रथम कळते.

विद्यार्थ्यांस असा अधिकार दिल्यास ते सोपी वाट धरतील, अशी शंका पालकांस येईल. तथापि परीक्षेची कसोटी गुरुजनांच्याच हाती राहावयाची आहे. शिवाय जो नियम आपण स्वतः विचारपूर्वक केला, तो मोडताना मनुष्यास अधिक लाज वाटते.

या कार्याचा आरंभ शाळेतच झाला पाहिजे. मी यंदा उत्तरे सांगणे बंद केले असून, मुले परस्परांची टिपणे तपासतात. पालकांनीही गुणांबरोबर, "आज कोठे अडलास?" हे विचारावे. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसला, तेव्हा तो केवळ ऐकत नव्हता, त्यांस प्रश्नही विचारीत होता. आणि त्या गुरुजनांनी त्यास उठविले नाही.