प्रोसेसरांची खोगीरभरती

'सिस्टीम स्लो आहे. प्रोसेसर वाढवा.'

पंधरा वर्षं सर्व्हर सांभाळतोय, पण या दोन वाक्यांच्या मधे कुणी तिसरं वाक्य घातलेलं मला आठवत नाही. नेमकं काय स्लो आहे, कधीपासून, किती वाजता, हे विचारलं की मीच अडेलतट्टू. व्हर्च्युअल मशीन आहे ना? मग सेटिंगमधला ४ खोडा, ८ लिहा, संपलं. लोखंडी सर्व्हरच्या काळात प्रोसेसर मागायचा तर पीओ काढावी लागे, अकाउंट्सवाल्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. त्या भीतीने का होईना, माणूस आधी स्वतःचा कोड उघडून बघायचा.

आमच्याकडे एका वेंडरचा रात्रीचा रिपोर्ट सकाळपर्यंत लोळायचा. चाराचे आठ प्रोसेसर झाले. ज्याने केले त्याने आठ सॉकेट ठेवले, प्रत्येकी एक कोअर. आत एसक्यूएल सर्व्हर २०१९, स्टँडर्ड एडिशन. ही एडिशन ४ सॉकेट किंवा २४ कोअर, यांतली जी मर्यादा आधी भरेल तिथे थांबते. म्हणजे चार राबतायत, चार बाकड्यावर बसलेत, आणि लायसन्स मात्र आठांचं. सुरू होतानाच ती एरर लॉगमध्ये लिहून ठेवते: सापडले आठ, वापरतेय चार. पण लॉग वाचणं हे आमच्याकडे हलक्या जातीचं काम समजतात. दुसऱ्या दिवशी वेंडरचा मेल: 'थँक्स, आता खूप फरक जाणवतोय.'

काय जाणवलं रे बाबा तुला? कुठे जाणवलं?

आठवड्याने फरक जाणवेनासा झाला, आणि मागणी आली सोळाची. या वेळी मी स्वतः बसून २ सॉकेट, प्रत्येकी ८ कोअर असं लावलं. आता सोळाच्या सोळा खरंच जुंपले गेले, आणि रिपोर्ट आणखी रेंगाळला! खालच्या होस्टला खरे कोअर २४, आणि त्यावर जेवायला बसलेली मशीनं डझनावारी. एकटादुकटा गिऱ्हाईक खाणावळीत कुठेही कोपऱ्यात बसतो. सोळा जणांचं बिऱ्हाड आलं की मालक घामाघूम. व्हीएमवेअर पूर्वीइतकं कडक राहिलेलं नाही, सगळ्यांना एकाच क्षणी बसवत नाही. पण चौघे भातावर पोचले आणि बाकीचे अजून ताटाची वाट बघतायत असं दिसलं, की त्या चौघांना घास हातात धरून थांबवतं. त्याला को-स्टॉप म्हणतात. शेजारच्या मशीनांचा रेडी टाइमही चढला. वीस सेकंदांच्या नमुन्यात एका प्रोसेसरचे २००० मिलिसेकंद म्हणजे दहा टक्के वेळ तो नुसता रांगेत उभा. हा आलेख मी मीटिंगमध्ये दाखवला. 'रेडी म्हणजे चांगलंच ना?' असं एका साहेबांनी विचारलं.

मूळ दुखणं काय होतं? एका मोठ्या टेबलवर इंडेक्स नव्हता. दर रात्री ते टेबल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चाळलं जायचं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि बंबाचं बिल आमच्या नावावर. इंडेक्स घातल्यावर रिपोर्ट चहा होईपर्यंत तयार.

मग ते बारा परत द्या की! तर नाही. हॉट-ॲड असेल तर चालू विंडोज मशीनला प्रोसेसर जोडता येतो. काढायचा तर मशीन बंद करावं लागतं. बंद करायची परवानगी कोण देणार? ज्याने मागितले तोच. तो म्हणतो, 'असू दे, पुढे लागतील.' वर हॉट-ॲड चालू ठेवण्याचीही किंमत असते: जुन्या व्हीस्फिअरमध्ये त्याने व्हर्च्युअल नुमा बंद पडतो, आणि कुठली मेमरी कुठल्या सॉकेटजवळ आहे हे मोठ्या मशीनला कळेनासं होतं. हे सांगायला गेलं तर समोरचा मोबाइल बघायला लागतो.

मीही धुतल्या तांदळाचा नाही. शुक्रवारी संध्याकाळी सहाला फोन आला की मीसुद्धा आकडा वाढवून मोकळा झालोय. वाद घालायला एक तास लागतो, वाढवायला एक मिनिट.

गेल्या महिन्यात शेवटी रीतसर कमी करायला गेलो. विनंतीच्या फॉर्ममध्ये 'वाढ' एवढा एकच पर्याय. दुसरा घालून द्या म्हणून कळवलं. उत्तर आलं: फॉर्ममधील बदलासाठी वेगळा फॉर्म भरावा.