घरची कारागिरी : अ‍ॅक्रिलिकच्या मत्स्यटाकीला छिद्र पाडताना



मुलांच्या हट्टापायी घरात माशांची टाकी येते. मग तिला खाली गाळणीची टाकी जोडायची ठरते आणि हातात ड्रिल येते. 100 सेंटिमीटर लांब, 45 रुंद आणि 45 उंच टाकीत सुमारे 200 लिटर पाणी मावते. चुकीच्या छिद्रातून ते घरभर होईल, शेजारी विजेचा बोर्ड असेल आणि मुके जीव हकनाक जातील. म्हणून हे काम शांतपणे करावे.

आधी टाकी कशाची आहे ते ओळखा. टिचकी मारल्यावर काच खणखणते, अ‍ॅक्रिलिकचा आवाज बसका येतो. काचेला हिऱ्याचे बिट लागते. टफन्ड काचेला तर छिद्र पाडताच येत नाही, तिचा चुरा होतो.

छिद्र मागच्या बाजूला, वरच्या भागात घ्यावे. पुढे कधी वायसर सुटला तरी छिद्राच्या वरचेच पाणी जाईल आणि मासे वाचतील. कडेपासून व जोडापासून निदान छिद्राच्या व्यासाइतके अंतर ठेवा. टँक कनेक्टर आधी विकत आणा आणि त्याच्या मापाचेच छिद्र पाडा.

अ‍ॅक्रिलिक सुमारे 100 अंशांना मऊ पडते. ड्रिल जोरात फिरले की कड वितळते, बिट अडकते आणि तडा जातो. म्हणून ही पद्धत ठेवा :

1. मासे टाकीतल्याच पाण्यासह बादलीत हलवा, हवेचा पंप चालू ठेवा. टाकी रिकामी करून पुसून घ्या.
2. खूण करायच्या जागी कागदी चिकटपट्टी लावा. आतून लाकडी फळी टेकवून घट्ट धरा.
3. बारीक बिटने मधोमध छोटे छिद्र घ्या, मग बारीक दातांचा होलसॉ लावा. वेग सर्वांत कमी, हॅमर बंद.
4. दाब हलका ठेवा. दर काही सेकंदांनी बिट बाहेर काढून भुसा झटका आणि साध्या पाण्याचे थेंब सोडा. पाणी वापरायचे म्हणून बॅटरीचे ड्रिल बरे. जळका वास आला की थांबा.
5. अर्धे कापून झाल्यावर उरलेले दुसऱ्या बाजूने कापा. डोळ्यांवर चष्मा हवाच, मुले दूर हवीत.
6. कड पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. बारीकशी खाचही पुढे तडा होते.

पुसायला थिनर, स्पिरिट किंवा पेट्रोल वापरू नका. त्याने अ‍ॅक्रिलिकवर जाळीदार तडे पडतात.

सेवाग्राम-वर्ध्याकडच्या वाचकांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. इथे उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. अ‍ॅक्रिलिक काचेच्या सातआठ पट प्रसरण पावते : एक मीटरचा पत्रा 25 अंशांच्या फरकाने सुमारे पावणेदोन मिलिमीटर वाढतो. कनेक्टर पान्याने आवळला असेल तर तो ताण छिद्राच्या कडेवर येतो. म्हणून रबरी वायसर घालून हातानेच घट्ट करा, वर फार तर पाव फेरा. ड्रिलचे कामही सकाळच्या गारव्यात, सावलीत करा.

वीज गेल्यावर काय होईल, याचाही हिशेब करा. पंप थांबला की छिद्राच्या वरचे पाणी खाली उतरते. वर दिलेल्या मापाच्या टाकीत पाणी छिद्राच्या चार सेंटिमीटर वर असेल, तर ते 18 लिटर होते. तेवढी जागा खालच्या टाकीत रिकामी हवी. पंपाच्या नळीचे तोंडही पाण्याच्या पातळीजवळच ठेवा. खोल बुडवले तर नळीतूनच पाणी उलटे ओढले जाईल.

शेवटी टाकी अंगणात, सपाट जागी ठेवून टप्प्याटप्प्याने भरा. खाली वर्तमानपत्र अंथरा आणि 24 तास वाट पाहा. कागद कोरडा राहिला, तरच टाकी घरात घ्या आणि मासे सोडा.