सायकलची सहल आणि मागे बसलेले लेकरू

सायकलवरून सहलीला जाणे ही कल्पना आमच्या रेणापूर भागात अजून थोडी विचित्रच वाटते. सायकल गरजेपोटी चालवायची आणि चार पैसे हाती आले की मोटारसायकल घ्यायची, अशी आपली रीत. त्यामुळे माझ्या थोरल्या भावाने ‘येत्या मार्गशीर्षात चार वर्षांच्या पोरीला घेऊन सायकलने अंबाजोगाई-परळी करून येतो’ असे जाहीर करताच घरात दोन तट पडले. आई म्हणते, ‘एसटी बंद पडली का?’ दादा म्हणतो, ‘मी दिवसाला ऐंशी किलोमीटर सहज मारतो.’ माझ्या मते सहल अवश्य व्हावी. मात्र या ऐंशी किलोमीटरांचा त्या पोरीशी काडीचाही संबंध नाही.

अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तरुण १९२३ साली मुंबईहून सायकलींवर निघाले आणि सुमारे ७१,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा करून १९२८ साली परतले. त्यांच्या धाडसाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु ते आपल्या मर्जीने गेले होते. मागे बसलेल्या लेकराला कोणी विचारलेले नसते. शिवाय त्याचे हाल चालवणाऱ्याला कळतही नाहीत. थंडीच्या सकाळी पायडल मारणारा घामाघूम होतो, आणि त्याच वेळी स्वस्थ बसलेले पोर वाऱ्याने काकडत असते. दुपारी त्याला डुलकी लागते व मान एका बाजूला पडते. म्हणून कॅरेजवर उशी बांधून भागवणे मला मुळीच मान्य नाही. पाठीला टेका, अंगाला पट्टे आणि पाय ठेवायला जागा असलेले सीटच हवे. अशी बरीच सीटे २२ किलो वजनापर्यंतच चालतात, तेव्हा पोरीला आधी काट्यावर उभी करावी. पाय चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला जाळी लावावी. हेल्मेट दोघांनाही, बाप टोपीवर निघाला तर पोर हेल्मेट कशाला घालील?

खरी अडचण पुढेच आहे. आपल्याकडे हवा चांगली असते त्याच महिन्यांत उसाचे गाळप चालू असते. उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मागे दिवा नाही, आणि दिवस लवकर मावळतो. तेव्हा दुपारी चारच्या आत मुक्काम, हा नियम मोडता कामा नये. अंबाजोगाईचा रस्ता दादा एका दमात काटेल. पोरीसाठी बर्दापूरला थांबावे. अंबाजोगाईत पूर्ण एक दिवस काढावा. योगेश्वरीचे देऊळ, मुकुंदराजांची समाधी, दासोपंतांची पासोडी हे सारे दादाला पाहायचे आहे; पोरीला बहुधा वाटेतली शेळीची पिल्ले पुरतील, आणि तिथेही तितकाच वेळ थांबावे लागेल. परळीकडे घाट उतरताना तिला खाली घेऊन सरळ पायी चालावे.

पंक्चरचे सामान, पंप, पान्हा हे दादा विसरणार नाही. औषधांची यादी वहिनीने करावी. जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे दादाला तोंडपाठ असावे.

त्याआधी एक रंगीत तालीम व्हावी: पानगावला जाऊन आत्याकडे एक रात्र काढायची. दुसऱ्या दिवशी पोर सीटवर बसायला तयार नसेल, तर सायकल तिथेच ठेवून एसटीने परत यायचे. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला तिकीटही पडत नाही, हे मी आईला आधीच सांगून ठेवले आहे.