खऱ्याचाही पुरावा हवा

खोट्या चित्रफिती पकडण्याच्या शर्यतीत आपण मागे पडत आहोत. खरे ते खरे असल्याचे दाखवता येईल अशी व्यवस्था उभारणे हाच टिकाऊ मार्ग आहे. त्याची सुरुवात माध्यमांनी स्वतःपासून केली पाहिजे.

१९ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री महाराष्ट्रात जाहीर प्रचार संपलेला होता आणि विधानसभेच्या मतदानाला काही तास उरले होते. त्या रात्री खासदार सुप्रिया सुळे आणि काँग्रेसचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष नाना पटोले यांच्या म्हणून सांगितलेल्या ध्वनिफिती भारतीय जनता पक्षाच्या समाजमाध्यम खात्यावरून प्रसारित झाल्या. बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरला गेल्याचा आरोप त्यांच्या आधारे झाला. सुळे यांनी आरोप फेटाळले आणि निवडणूक आयोग व सायबर पोलिसांकडे तक्रार केली. तथ्यपडताळणी करणाऱ्यांनी फिती तपासल्या, तेव्हा त्यांतील बहुतेक कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवल्याचे संकेत मिळाले. तोवर मतदानाच्या रांगा लागल्या होत्या. दोन्ही नेत्यांसोबत वर्षानुवर्षे काम केलेले आणि सुळे यांचे चुलतबंधू असलेले तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी तर आवाज त्यांचाच असल्याचे मतदानाच्या दिवशी माध्यमांना सांगितले. घरच्या माणसाच्या कानानेही जिथे वाद मिटत नाही, तिथे आटपाडीच्या किंवा अक्कलकुव्याच्या मतदाराने मोबाइलवर आलेली फीत ऐकून काय ठरवायचे?

योगायोग असा, की त्याच १९ तारखेला रिझर्व्ह बँकेलाही नागरिकांना सावध करावे लागले. बँकेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे चेहरे व आवाज वापरून गुंतवणुकीचे सल्ले देणाऱ्या बनावट चित्रफिती फिरत होत्या. त्याआधी जानेवारीत सचिन तेंडुलकर यांना एका गेमिंग ॲपच्या जाहिरातीतला माणूस आपण नसल्याचे जाहीरपणे सांगावे लागले होते. एप्रिलमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराला आपल्या व्यवस्थापकीय संचालकांच्या नावे शेअरच्या टिप्स देणाऱ्या चित्रफिती बनावट असल्याचे सांगावे लागले. हाँगकाँगमध्ये अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत वरिष्ठांना पाहून, त्यांचे ऐकून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. त्या बैठकीतले त्याच्याखेरीज सारे चेहरे बनावट होते.

यावर पहिला उपाय सुचतो तो खोटे ओळखणारे यंत्र बनवण्याचा. अशी यंत्रे हवीतच, पण त्यांच्यावर सारी भिस्त ठेवता येणार नाही. कालच्या बनावट चित्रांवर शिकलेले यंत्र उद्याच्या बनावट चित्रापुढे अडखळते. व्हॉट्सॲपवरून दहा वेळा पुढे गेलेली फीत आक्रसते आणि तपासणीला लागणाऱ्या खुणा पुसल्या जातात. एकच फीत दोन प्रणालींत घातली तर दोन उत्तरे येऊ शकतात आणि तीही शक्यतेच्या भाषेत. मतदाराला, न्यायाधीशाला किंवा रात्रपाळीच्या उपसंपादकाला लागते ते निश्चित उत्तर. तपास पुरा होईपर्यंत फीत लाखो लोकांपर्यंत पोचलेली असते आणि खुलासा तिच्यामागे धावत राहतो.

खोट्याला खरे मानणे हा अर्धाच धोका आहे. उरलेला अर्धा अधिक घातक आहे, कारण तो खऱ्याला खोटे ठरवतो. रॉबर्ट चेस्नी आणि डॅनिएल सिट्रॉन या अमेरिकी कायदेतज्ज्ञांनी याला खोटारड्याला मिळणारा लाभांश म्हटले आहे. लाच घेताना चित्रीकरणात सापडलेला अधिकारी, चिथावणीखोर भाषण करणारा पुढारी, कोठडीत मारहाण करणारा पोलिस यांना आता एकच वाक्य पुरते: ‘ती फीत एआयने बनवली आहे.’ ज्या काळात काहीही बनवता येते, त्या काळात काहीही नाकारताही येते. दुबळ्या माणसाच्या हातातला मोबाइल हे गेल्या पंधरा-वीस वर्षांतले त्याचे सर्वांत मोठे हत्यार होते. ते बोथट झाले तर नुकसान त्याचेच होईल, सत्तावानाचे नव्हे.

म्हणून प्रश्नच बदलायला हवा. ‘हे खोटे आहे का?’ असे विचारण्याआधी ‘हे आले कुठून, कोणाच्या हातून आणि त्याची जबाबदारी कोण घेतो?’ असे विचारले पाहिजे. हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर आरंभी मुद्रा असे आणि मजकूर संपताच ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब उमटे, म्हणजे पुढे कोणी ओळ घुसडू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळत होते, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड प्रसिद्ध करत होते, तेव्हाही त्यांचा आग्रह अस्सल कागदाचा होता. कागद कोणाच्या घरातून आला, शिक्का कोणाचा, तिथी जुळते का, अक्षर कोणत्या काळाचे, हे तपासल्याशिवाय तो इतिहासाचे साधन ठरत नसे. बखर कितीही रसाळ असली तरी कागदाचा मूळ ठाव लागल्याशिवाय विश्वास नाही, ही शिस्त मराठी संशोधकांनी स्वतःला लावून घेतली. डिजिटल चित्राला आज तीच शिस्त हवी आहे.

आपल्या न्यायव्यवस्थेनेही हा धडा जालन्याच्या एका प्रकरणातून देशाला दिला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी विजयी झाले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाला, असा आक्षेप पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी घेतला. आधार होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रीकरणाचा. चित्रीकरण सरकारीच होते, पण ते अस्सल असल्याचे कायद्याने आवश्यक प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. तरीही उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नियम पक्का केला: इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून आणायची तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. गोरंट्याल यांनी ते मिळवण्यासाठी शक्य ते सारे केले होते, म्हणून त्यांना सूट मिळाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने आणखी एक पाऊल टाकले. प्रमाणपत्रात आता फाइलचे ‘हॅश’ मूल्यही नोंदवावे लागते. हॅश म्हणजे फाइलमधून गणिताने काढलेला ठसा. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ठसा जुळत नाही.

न्यायालयात जी शिस्त आपण सक्तीची केली, ती सार्वजनिक चर्चेत मात्र कुठेही नाही. तंत्रज्ञान नाही असेही नाही. अडोबी, बीबीसी, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, आर्म आणि ट्रूपिक यांनी २०२१ मध्ये एकत्र येऊन ‘सीटूपीए’ नावाचे खुले मानक आखायला घेतले. पुढे गूगल, ओपनएआय आणि मेटाही त्यात आले. छायाचित्र कोणत्या कॅमेऱ्याने, केव्हा टिपले, नंतर त्यात काय बदल केले, ही नोंद चित्रासोबतच राहते आणि तिच्यावर डिजिटल सही होते. चित्रात गुपचूप ढवळाढवळ झाली तर सही मोडते. लायका कंपनीने २०२३ मध्ये अशी सोय असलेला कॅमेरा बाजारात आणला आणि आता ती काही मोबाइल फोनमध्येही आली आहे.

याच्या मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात. अशी सही चित्राचा प्रवास सांगते, चित्रातला माणूस खरे बोलतो की नाही हे सांगत नाही. स्क्रीनशॉट घेतला की नोंद गळून पडते आणि अनेक समाजमाध्यमे फाइल चढवताच ती काढून टाकतात. सही नसलेले प्रत्येक चित्र खोटे, असे मानणे तर अन्यायाचे होईल, कारण साध्या फोनने टिपलेला अत्याचार त्यामुळे खोटा ठरत नाही. ज्याने जिवावर उदार होऊन चित्रण केले, त्याची ओळख उघड करण्याची सक्तीही असता कामा नये. त्याचे नाव राखून वृत्तपत्राने स्वतःची सही पुढे करावी, कारण पडताळणी आणि जबाबदारी ही वृत्तपत्राचीच कामे आहेत.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. कृत्रिमरीत्या बनवलेल्या दृश्य-श्राव्य मजकुरावर ठळक खूण, फाइलमध्ये पुसता न येणारी नोंद आणि मोठ्या समाजमाध्यमांवर वापरकर्त्याचे घोषणापत्र ही त्यातली मुख्य कलमे. दिशा योग्य आहे. विशेषतः संमतीशिवाय पसरवलेली खासगी, अश्लील चित्रे काढण्याची मुदत २४ तासांवरून दोन तासांवर आणली, हे स्वागतार्ह आहे. आशा भोसले यांच्या आवाजाच्या कृत्रिम नकलांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये संरक्षण दिले, त्याआधी अरिजित सिंह यांनाही दिले. पण चेहरा चोरला गेलेली तालुक्याच्या महाविद्यालयातली मुलगी उच्च न्यायालयात वकील उभा करू शकत नाही. तिच्यासाठी ते दोन तासच न्याय आहेत. जवळच्या पोलिस ठाण्यात तिची तक्रार त्याच दिवशी, तिच्याकडेच संशयाने न पाहता नोंदवली गेली पाहिजे.

मात्र सरकारी किंवा न्यायालयीन आदेशानंतर इतर मजकूर काढण्याची मुदतही ३६ तासांवरून तीन तासांवर आली आहे. ती चिंतेची बाब आहे. तीन तासांत पडताळणी होत नाही, फक्त आज्ञापालन होते. व्यंगचित्र, विडंबन आणि अडचणीची खरी फीत त्या घाईत पहिल्यांदा बळी पडेल. सरकारविषयीचे खरे-खोटे सरकारनेच ठरवण्याची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. तो निकाल डीपफेकच्या धास्तीने विसरला जाऊ नये. सरकारला खरोखर काही करायचे असेल, तर त्याने आधी स्वतःच्या मजकुरावर सही करावी. मंत्रालय, जिल्हाधिकारी कार्यालये, पोलिस आयुक्तालये आणि निवडणूक आयोग यांची प्रत्येक चित्रफीत व पत्रक डिजिटल सहीनिशीच प्रसिद्ध होऊ लागले, तर दंगलीच्या अफवेच्या रात्री ‘हे आमचे नाही’ असे म्हणणे सोपे होईल आणि ‘हे तुमचेच आहे’ असे नागरिकालाही दाखवता येईल. समाजमाध्यमांवरील खुणेची सक्ती पुरेशी नाही, कारण ठकसेन घोषणापत्र भरत नाही. चित्रासोबत आलेली नोंद पुसू नये आणि ती वाचकाला एका स्पर्शात दिसावी, ही सक्ती व्हायला हवी.

मराठीसाठी काम वेगळे आणि मोठे आहे. मार्च २०२४ मध्ये डीपफेक तपासणीसाठी देशात व्हॉट्सॲप मदतवाहिनी सुरू झाली, तेव्हा ती इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू भाषांसाठी होती. त्यात मराठी नव्हती. खोटे मराठीत बनते आणि मराठीत पसरते, तर त्याची तपासणीही मराठीत झाली पाहिजे. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलीतल्या फितींचा प्रश्न तर अधिकच बिकट आहे. राज्यातील विद्यापीठे, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि वृत्तसमूह यांनी मिळून मराठीची तपासणी यंत्रणा उभारावी आणि ती सरकारी नियंत्रणाबाहेर ठेवावी.

सर्वांत मोठी जबाबदारी मात्र आमच्या व्यवसायाची आहे. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत व्हिडिओ गेममधली दृश्ये युद्धाची म्हणून फिरली. काही वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगितले. पाकिस्तानी लष्कराच्या प्रवक्त्याने दोन विमाने गमावल्याची कबुली दिल्याची बनावट फीत काही प्रस्थापित माध्यमांनीही बातमी म्हणून दिली. देश संकटात असताना लोकांनी विश्वासाने ज्यांच्याकडे पाहिले, त्यांनीच तो विश्वास उधळला. याउलट मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या राजघराण्याने दिलेल्या एका साध्या कौटुंबिक छायाचित्रात बाहीजवळ फेरफार दिसताच असोसिएटेड प्रेससह मोठ्या वृत्तसंस्थांनी ते मागे घेतले. छायाचित्र निरुपद्रवी होते आणि देणारे राजघराणे होते, तरी नियम बदलला नाही. विश्वास असा नियम पाळूनच मिळतो.

मराठी वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी काही गोष्टी आजच ठरवाव्यात. मूळ ठाव न लागलेली फीत, ती कितीही सनसनाटी असली तरी, दाखवायची नाही. मतदानापूर्वीच्या ४८ तासांत तर मुळीच नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले चित्र वापरले तर तसे त्याच्यावरच छापायचे. मूळ चित्रीकरण जपून ठेवायचे आणि आव्हान मिळाल्यास तपासणीला द्यायचे. चूक झाली तर बातमी जिथे होती तिथेच, तितक्याच ठळकपणे दुरुस्ती द्यायची. यांतल्या कशालाही नव्या कायद्याची गरज नाही.

वाचकांनाही विनंती आहे. राग किंवा भीती उसळवणारी फीत आली की पुढे पाठवण्याआधी ती कोणी, कुठे, केव्हा टिपली हे विचारा. उत्तर मिळाले नाही तर ती तुमच्यापाशीच थांबवा. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करा. आणि हाच प्रश्न आम्हालाही विचारा: तुम्ही दाखवलेले हे आले कुठून? ज्या वृत्तपत्राला याचे उत्तर देता येत नाही, त्याला तुमचा विश्वास मागण्याचा अधिकार नाही.